व्हॉल्व्हमागे साचलेले औषध: इंजेक्शनच्या लाइनमधली नासाडी कमी करण्याची कृती

इंजेक्टेबलच्या लाइनमध्ये औषध गळून फारसे जात नाही. गळती दिसते आणि लगेच पकडली जाते. औषध जाते ते साचून. फिलिंग मशीन थांबते, बॅच संपली अशी नोंद होते, तरी टाकीच्या तळाच्या नळीत, टी-जॉइंटच्या फाट्यात, डायफ्राम व्हॉल्व्हच्या (लवचीक पडदा दाबून वाट बंद करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बांधामागे थोडे थोडे द्रावण उरलेले असते. पुढच्या सीआयपीत, म्हणजे लाइन न उघडता आतून धुण्यात, ते सगळे ड्रेनला जाते. ते धुऊन काढायला लागणारे पाणी, कॉस्टिक आणि वाफ ही दुसरी नासाडी. तिचा हिशेब यिल्डच्या (मिळालेल्या मालाच्या) तक्त्यात येत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी विचारतही नाही.

पुढची कृती अर्धा ते दोन इंची स्टेनलेस ट्यूबच्या, द्रव औषधाच्या लाइनसाठी आहे. नवी लाइन आखणाऱ्याला ती उपयोगी पडेलच, पण चालू लाइनमधून काही लिटर परत मिळवायचे आहेत त्याला जास्त.

आधी मोजा, मग व्हॉल्व्हला हात लावा

लाइन धुऊन, निथळवून, कोरड्या हवेने फुंकून घ्या. टाकीत मोजून पाणी भरा, समजा १०० किलो. नेहमीच्या बॅचसारखेच ते फिलिंगपर्यंत ढकला: तोच दाब, तोच वेग, थांबण्याचा तोच क्षण. सुईतून बाहेर आलेले सगळे पाणी गोळा करून तोला. आत घातले त्यातून हे वजा केले की लाइनमध्ये किती राहिले ते कळते. टाकीचे वजन दाखवणाऱ्या लोड सेलवर विसंबू नका. हजार किलोच्या लोड सेलला तीनशे ग्रॅमचा फरक भरवशाने दिसत नाही. जमिनीवरचा साधा काटा इथे जास्त खरे बोलतो.

मग राहिलेले पाणी नेमके कुठे आहे ते शोधा. सखल जागांचे ड्रेन एकेक करून उघडा आणि प्रत्येकाचे पाणी वेगळ्या बाटलीत घेऊन तोला. त्यानंतर संशय असलेल्या डायफ्राम व्हॉल्व्हचे बॉनेट, म्हणजे वरचे झाकण, उघडा. बांधाच्या एका बाजूला चकचकीत डबके दिसले तर २० मिलीच्या सिरिंजने ते ओढून घ्या आणि आकडा लिहा. भिंतीवर चिकटलेले सुटे थेंब मोजू नका. ते पृष्ठताणाने राहतात, कुठल्याही उताराने जात नाहीत. डबके मात्र चुकीच्या बसवणुकीचा पुरावा असतो.

ही चाचणी तीनदा करा. औषध पाकासारखे दाट असेल तर पाण्याचा आकडा फसवा निघेल, कारण दाट द्रावणाचा थर भिंतीवर जास्त राहतो. तशा वेळी प्लासिबो (औषध नसलेले, तसेच दाट द्रावण) वापरा.

ट्यूबमध्ये किती मावते याचा अंदाज तोंडपाठ असावा. १.६५ मिमी जाडीच्या भिंतीची अर्धा इंची ट्यूब आतून ९.४ मिमी असते आणि एका मीटरमध्ये सुमारे ६९ मिली धरते. एक इंची ट्यूब आतून २२.१ मिमी, धरते ३८४ मिली. दीड इंचीत ९५१ मिली मावते आणि दोन इंचीत, म्हणजे आतून ४७.५ मिमीच्या ट्यूबमध्ये, १.७७ लिटर. एक इंची फाटा १२ सेंटिमीटर लांब असेल तर त्यात ४६ मिली अडकतात. असे दहा फाटे म्हणजे जवळपास अर्धा लिटर, ५ मिलीच्या ९२ कुप्या. स्वस्त सलाइन असेल तर कोणी ढुंकून पाहणार नाही. पण औषध प्रथिनाचे असेल तर तेवढ्यासाठी नवा व्हॉल्व्ह घेणे परवडते. कुठला व्हॉल्व्ह आधी बदलायचा हे त्याच्या किमतीवर ठरवू नका, त्याच्यामागे काय अडकते त्यावर ठरवा.

फाट्याची लांबी कुठून कुठे मोजायची

मुख्य पाइपला फाटा काढला, त्यावर व्हॉल्व्ह बसवला आणि व्हॉल्व्ह बंद असला की मधला तुकडा डेड लेग होतो. तिथे प्रवाह पोहोचत नाही. औषध तिथे न मिसळता पडून राहते, आणि सीआयपीचे पाणीही तिथे आळसावते.

औषध-उपकरणांच्या एएसएमई बीपीई या अमेरिकी मानकात, ज्याची पहिली आवृत्ती १९९७ ची, लांबी आणि व्यासाचे प्रमाण २ पर्यंत ठेवण्याचे लक्ष्य आहे. लांबी मोजायची मुख्य पाइपच्या आतल्या भिंतीपासून व्हॉल्व्ह जिथे बंद होतो त्या रेषेपर्यंत. व्यास घ्यायचा फाट्याचा, आतला. इथे दोन चुका सतत होतात. पहिली म्हणजे व्यास मुख्य पाइपचा धरणे. तसे केले की वाईट फाटाही कागदावर पास होतो. दुसरी म्हणजे जुन्या ‘सहा डी’च्या नियमाशी गल्लत. त्या नियमात व्यासाच्या सहापट चालणारी लांबी मुख्य पाइपच्या मध्यरेषेपासून मोजत, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

आता हिशेब करा. एक इंची फाट्याला २ चे प्रमाण म्हणजे ४४ मिमी जागा. आखूड टी-जॉइंट आणि वेल्डिंगचा व्हॉल्व्ह घेऊन ते कष्टाने जमते. अर्धा इंची फाट्याला मिळतात फक्त १९ मिमी. टी, क्लॅम्प, गॅस्केट आणि व्हॉल्व्हचे टोक यांत ते केव्हाच संपतात. फाटा जितका बारीक तितका नियम कडक. त्यामुळे सॅम्पलिंगचे अर्धा इंची पॉइंट, जे सगळ्यांना किरकोळ वाटतात, तेच बहुतेक वेळा लाइनमधली सगळ्यात घाणेरडी जागा ठरतात.

यावर दोन उपाय आहेत. शून्य-स्थिर टी व्हॉल्व्हमध्ये बंद होण्याची जागा मुख्य पाइपच्या भिंतीलाच असते, फाटा जवळपास उरतच नाही. डब्ल्यूएफआयच्या (इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्याच्या) वितरण लूपवर तोच बसवावा. दुसरा उपाय ब्लॉक बॉडीचा: दोन, तीन किंवा जास्त व्हॉल्व्ह एकाच धातूच्या ठोकळ्यात कोरलेले. चार व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डमध्ये (जोडसंचात) त्याने टी, एल्बो, क्लॅम्प आणि वेल्ड निम्म्याहून कमी होतात.

ब्लॉकबद्दल विक्रेता सहसा सांगत नाही अशा दोन गोष्टी आहेत. ठोकळा जड असतो, त्यामुळे एसआयपीत, म्हणजे वाफेने निर्जंतुक करताना, तो उशिरा तापतो आणि त्यात कंडेन्सेट (वाफेचे पाणी) जास्त होते. १२१ अंशाचे घड्याळ सुरू करणारा सेन्सर ठोकळ्यानंतरच्या सर्वात थंड जागी हवा. दुसरे, ठोकळा एकाच ठरलेल्या स्थितीत निथळतो. ऑर्डरच्या ड्रॉइंगवर ‘वर कुठे’ हा बाण काढायचा राहिला आणि ठोकळा उलटा आला, तर साध्या व्हॉल्व्हसारखा तो फिरवून भागत नाही.

कोन: फुकटची दुरुस्ती

डायफ्राम व्हॉल्व्हच्या पोटात मधोमध एक बांध असतो. डायफ्राम वरून त्यावर दाबला जातो आणि वाट बंद होते. आडव्या पाइपवर व्हॉल्व्ह सरळ उभा बसवला, म्हणजे हँडव्हील किंवा व्हॉल्व्ह चालवणारा अ‍ॅक्च्युएटर आकाशाकडे, तर तो बांध पाइपच्या तळाशी येतो आणि शेतातल्या बांधासारखेच काम करतो: मागे पाणी अडवतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी डबके राहते.

म्हणून आडव्या पाइपवर व्हॉल्व्ह कलवून बसवतात. बांधाची कड बाजूला जाते, पाइपचा तळ आणि व्हॉल्व्हचा तळ एका रेषेत येतात, आणि द्रव कडेने निघून जातो. हा कोन प्रत्येक आकाराला आणि प्रत्येक उत्पादकाला वेगळा असतो. एका कंपनीचा एक इंचीचा कोन दुसरीच्या एक इंचीला लावू नका. कोन कुठून मोजला आहे तेही ड्रॉइंगवर वाचा. कुठे तो उभ्या रेषेपासून दिलेला असतो, कुठे आडव्या. या एका गोंधळाने लाइनभर व्हॉल्व्ह चुकू शकतात आणि सगळे एकसारखे कललेले असल्यामुळे ते बरोबरच वाटतात.

बॉडीच्या टोकांवर निथळण्याच्या कोनाची बारीक खूण कोरलेली असते. ती बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आली पाहिजे. तपासताना डोळ्यांवर जाऊ नका. बॉनेटच्या सपाट कडेवर डिजिटल कोनमापक ठेवा आणि आकडा नोंदवा. नव्या कामात ही तपासणी टॅक वेल्डनंतर (ठिपक्यांच्या तात्पुरत्या जोडानंतर) आणि ऑर्बिटल वेल्डिंगच्या (पाइपभोवती फिरणाऱ्या यंत्राच्या पूर्ण वेल्डच्या) आधी करायची. पूर्ण वेल्ड झाल्यावर चूक सापडली तर कापण्याशिवाय इलाज नाही. क्लॅम्पच्या टोकांचा व्हॉल्व्ह असेल तर क्लॅम्प सैल करा, व्हॉल्व्ह फिरवा, पुन्हा आवळा. अर्ध्या तासाचे काम आहे, खर्च एका गॅस्केटचा. पण पुढच्या मेन्टेनन्सला कोणीतरी तो हँडव्हील हाताला सोयीचे पडावे म्हणून पुन्हा सरळ करणार, हे गृहीत धरा. बॉडी आणि पाइप दोन्हींवर जुळणारी खूण इलेक्ट्रो-एचिंगने (विजेने धातूवर कोरून) करून ठेवा. मार्कर पेन पहिल्या पुसण्यात जातो.

व्हॉल्व्ह उभ्या पाइपवर असेल तर हा प्रश्नच येत नाही, तो आपोआप निथळतो. नवी लाइन आखताना एखादा व्हॉल्व्ह आडव्या पाइपवरून शेजारच्या उभ्या पाइपवर नेता येतो का, ते आधी पाहा.

उताराकडेही तेवढेच लक्ष हवे. १ टक्का उतार म्हणजे २० मीटरला २० सेंटिमीटर. २ टक्के म्हणजे ४०. छताच्या पोकळीत ती जागा नंतर सापडत नाही. आणि व्हॉल्व्ह कलवला की त्याचा अ‍ॅक्च्युएटर एका बाजूला लोंबतो. दोन इंची व्हॉल्व्हचा न्यूमॅटिक अ‍ॅक्च्युएटर चांगला जड असतो. शेजारी आधार दिला नाही तर पाइप तिथेच किंचित पिळतो आणि वाकतो, आणि ज्या जागी निथळावे म्हणून खटाटोप केला तिथेच नवा खड्डा तयार होतो. आधार व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना द्या, आणि उतार अ‍ॅक्च्युएटर चढवल्यानंतर पुन्हा मोजा.

बऱ्याच ठिकाणी कोन चुकलेले असताना फिनिश सुधारण्याच्या मागण्या चालतात. इलेक्ट्रोपॉलिश, आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) ०.३८ मायक्रोमीटर, सगळे छानच. पण डबक्याखालचा पृष्ठभाग आरशासारखा केला म्हणून डबके जात नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसला हा प्रकार.

टाकीचा तळ

टाकीच्या तळाला दोन इंची नॉझल, त्याखाली दहा सेंटिमीटर नळी आणि मग व्हॉल्व्ह, अशी रचना जुन्या टाक्यांत सर्रास असते. त्या नळीत सुमारे १७७ मिली द्रव राहतो आणि ढवळणी तिथे पोहोचत नाही. पावडर विरघळवण्याची पायरी असेल तर न विरघळलेले कणही तिथेच जाऊन बसतात. मग ऑपरेटर सुरुवातीचे लिटर-दोन लिटर काढून टाकतात किंवा पुन्हा टाकीत ओततात. पहिल्यात औषध जाते, दुसऱ्यात निर्जंतुकतेचा धोका.

इथे टाकीच्या तळालाच वेल्ड होणारा डायफ्राम व्हॉल्व्ह लावायचा, ज्याचा बांध टाकीच्या आतल्या पृष्ठभागाच्या जमेल तितका जवळ असतो. तो डिश एंडच्या (टाकीच्या वाटीसारख्या तळाच्या) सर्वात खालच्या बिंदूवर हवा. ढवळणीच्या सोयीसाठी तो सेंटरपासून सरकवला तर व्हॉल्व्हच्या दिशेने उतार राहतो का, हे टाकी ऑर्डर करण्यापूर्वीच ड्रॉइंगवर पाहा. चालू टाकीवर हे काम म्हणजे तळ कापणे, पुन्हा पॉलिश, पॅसिव्हेशन (स्टीलवरचा संरक्षक थर पुन्हा तयार करणे) आणि प्रेशर टेस्ट. म्हणून टाकी एरवीही दुरुस्तीला निघेल तेव्हाच ते काढावे.

बॉल व्हॉल्व्हबद्दल थोडक्यात: बॉलभोवतीच्या पोकळीत द्रव कोंडतो आणि व्हॉल्व्ह बंद असताना तिथे पाणी पोहोचत नाही. शुद्ध वाफेच्या लाइनवर तो ठीक, निर्जंतुक औषधाच्या वाटेवर नको. बटरफ्लाय व्हॉल्व्हची जागा पावडरच्या लाइनमध्ये.

डायफ्राम

भूमिती कितीही चांगली असली तरी डायफ्राम चुकीचा बसला की सगळे फुकट. ईपीडीएम या रबराचा डायफ्राम लवचीक असतो आणि सहज बंद होतो, पण तेलकट औषधात तो फुगतो. पीटीएफई (टेफ्लॉन) रसायनांना दाद देत नाही. मात्र तो कडक असतो आणि दाबाखाली हळूहळू सरकतो, म्हणून त्याच्यामागे ईपीडीएमची गादी असते. तेलातल्या इंजेक्शनला ईपीडीएम लावला आणि महिन्याभरात व्हॉल्व्ह अडकू लागला, तर दोष व्हॉल्व्हचा नाही.

बसवण्याची पद्धत अशी. बॉडीची कड आणि बांध कापडाने पुसून नखाने चाचपा. ओरखडा लागला तर पुढे जाऊ नका. ग्रीस किंवा तेल लावू नका. आट्यांचा डायफ्राम स्पिंडलमध्ये थांबेपर्यंत हाताने फिरवा, मग बोल्टची भोके जुळेपर्यंत थोडासा मागे आणा. डायफ्रामवरची उठावाची रेघ बरोबर बांधावर आली पाहिजे. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून बोल्ट हाताने टेकवा. तो किती उघडा ठेवायचा ते उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. मग टॉर्क रेंचने समोरासमोरचे बोल्ट, प्रत्येक फेरीत थोडे थोडे, आकडा गाठेपर्यंत आवळा. पहिली एसआयपी झाल्यावर लाइन पूर्ण थंड होऊ द्या आणि त्याच टॉर्कने पुन्हा एकदा आवळा. ही शेवटची पायरी सर्वात जास्त टाळली जाते, कारण तोवर शिफ्ट बदललेली असते. वर्क ऑर्डरमध्ये तिला स्वतंत्र सही ठेवा.

कमी आवळले तर डायफ्राम आणि बॉडी यांच्यामध्ये औषध शिरते आणि सुकून पिवळट कडा दिसते. जास्त आवळले तर रबर आतल्या बाजूला फुगून पाइपच्या तळाशी नवा बांध तयार होतो. कोन अचूक असूनही डबके सापडले तर पहिला संशय याच फुगवट्यावर घ्या.

हाताने चालवायच्या व्हॉल्व्हवर ऑपरेटर हँडव्हील जीव खाऊन आवळतात. बांधाची रेघ डायफ्राममध्ये खोल रुतते आणि काही दिवसांनी तिथेच तो फाटतो. बंद होण्याचा स्टॉप नीट लावा आणि कुलूप करा. बॉनेटमधले बारीक भोक बुजलेले नाही ना, हे दर आठवड्याला बघा. डायफ्राम फाटल्याची पहिली खबर तिथून पाझरून येते.

बदलण्याची मुदत सरसकट सहा महिने ठेवू नका. रोज एसआयपी सोसणारा व्हॉल्व्ह आणि महिन्यातून एकदा उघडणारा व्हॉल्व्ह यांचे आयुष्य एक नसते. सुरुवातीला मुदत कमी ठेवा, काढलेला प्रत्येक डायफ्राम बघा: फोड आलेत का, बांधाची खूण किती खोल, गादीला तडे आहेत का. एसआयपीची संख्या आणि स्थिती शेजारी लिहा. तीन-चार बदलांनंतर खरी मुदत दिसू लागते. फाटलेल्या डायफ्राममुळे बॅच टाकून देणे जितके महाग, तितके नाही तरी धडधाकट डायफ्राम कचऱ्यात टाकणेही महागच.

बॅच संपताना आणि धुताना

शेवटचे द्रावण गाळलेल्या नायट्रोजनने किंवा हवेने ढकलताना दाब कमी ठेवा. दाब वाढवला की वायू पाइपच्या मधून भोक पाडून पुढे जातो आणि द्रव तळाशी तसाच राहतो. थोडे ढकला, थांबा, उताराने द्रव गोळा होऊ द्या, पुन्हा थोडे ढकला. दोन-तीन छोट्या झटक्यांनी एका मोठ्या फुंकरीपेक्षा जास्त औषध पुढे येते.

सीआयपीत पाइपमधला वेग साधारण १.५ मीटर प्रतिसेकंद धरतात. त्यासाठी एक इंची पाइपला मिनिटाला सुमारे ३५ लिटर लागतात, दोन इंचीला १६०. अंतिम धुणे किती वेळ चालवायचे ते सगळ्या लाइनवर ठरत नाही, तिच्यातल्या सर्वात हट्टी फाट्यावर ठरते. एका डेड लेगपायी दोन इंची लाइनवर पाच मिनिटे जास्त धुतले, तर दर वेळी ८०० लिटर शुद्ध पाणी गेले. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा आकडा प्लांट मॅनेजरला दाखवा, व्हॉल्व्हच्या बजेटवर सही लवकर होते.

दुरुस्तीनंतर फाटा धुतला जातो का, हे रायबोफ्लेविनने (चमकणाऱ्या जीवनसत्त्व बी-२ ने) तपासा. लिटरला ०.२ ग्रॅमचे द्रावण आतून सर्वत्र लावा, नेहमीचे धुणे चालवा, मग अतिनील दिव्याखाली बघा. हिरवट-पिवळी चमक दिसली की तिथे पाणी पोहोचले नाही. द्रावण वाळू देऊ नका, नाहीतर चांगला व्हॉल्व्हही नापास होईल. चमक नसेल तर परतीच्या पाण्याच्या कंडक्टिव्हिटीची (विद्युतवाहकतेची) आलेखावरची रेघ आधीच्या रेघेवर ठेवा. ती आता लवकर खाली येऊन सपाट होते का ते पाहा.

रेघ लवकर सपाट झाली तरी धुण्याची वेळ स्वतःहून कमी करू नका. व्हॉल्व्हचा प्रकार, जागा किंवा कोन बदलणे हा चेंज कंट्रोलचा (बदलाच्या लेखी मंजुरीचा) विषय आहे, आणि सीआयपीची वेळ कमी करायची तर क्लीनिंग व्हॅलिडेशन (धुणे पुरते हे सिद्ध करणे) पुन्हा. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एम या भारतीय औषधनिर्मिती नियमांमुळे आणि निर्यात करणाऱ्यांसाठी युरोपच्या निर्जंतुक औषधांबाबतच्या २०२२ च्या अ‍ॅनेक्स १ मुळे तपासनीस अशा बदलांमागचे कारण कागदावर मागतात. सुरुवातीच्या वजनाच्या चाचणीचे आकडे इथे कामी येतात: तीच पद्धत, तेवढेच पाणी, तोच काटा, पुन्हा तीनदा. पुढे दर डायफ्राम-बदलानंतर एकदा ही चाचणी करून आकडा व्हॉल्व्हच्या नोंदवहीत कोनाशेजारच्या रकान्यात लिहीत जा. तो एकदम दीडपट झाला तर बहुधा कोणीतरी क्लॅम्प सैल करून व्हॉल्व्ह सरळ केला आहे.